रस्त्यावरील खड्डा : एक समवाय पाठ

(इयत्ता ५ वी ते ७ वी. विज्ञान, भूगोल, अंकगणित व नागरिकशास्त्र. तासिका : चार)

प्रास्ताविक

प्रत्येक गावाच्या वाटेवर एखादा तरी खड्डा असा असतो की, तो साऱ्या गावाच्या ओळखीचा असतो. मृगाचा पाऊस लागला म्हणजे तो उघडतो. गणपतीच्या सुमारास त्यात चार घमेली मुरूम पडतो. नवरात्रापर्यंत त्या मुरमाचा चिखल होऊन तो वाहून जातो. दिवाळीनंतर त्या जागी डांबराचे ठिगळ बसते आणि पुढील आषाढात, पूर्वीपेक्षा वीतभर अधिक रुंद होऊन, तोच खड्डा पुन्हा हजर होतो. शाळेत येणारी मुले हा क्रम दर वर्षी पाहतात. परंतु पाहणे व निरीक्षण करणे यांत जे अंतर आहे, ते तोडून देणे हे शिक्षकाचे काम होय.

हा विषय क्षुल्लक समजू नये. पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली दिसत नाही. सायकलवरील मुलगा किंवा दुचाकीवर मागे बसलेली बाई अशा ठिकाणी पडते, ती तो खड्डा डबक्यासारखा उथळ भासला म्हणून. रस्ता फारच बिघडला की एस. टी. ची फेरी बंद होते. आणि फेरी बंद झाली की सातवीनंतर शेजारच्या गावी शिकावयास जाणाऱ्या मुलींपैकी काहींचे शिक्षण तेथेच थांबते. अडलेल्या बाळंतिणीला दवाखान्यात नेणाऱ्या गाडीलाही याच वाटेने जावे लागते.

प्रस्तुत पाठात विद्यार्थ्यांच्या मनावर एकच गोष्ट ठसवावयाची आहे. खड्डा हे लक्षण होय. रोग बहुधा पाण्याचा असतो. ज्या डागडुजीत पाण्याची वाट आधी शोधली जाते ती टिकते. ज्या डागडुजीत केवळ खळगा भरला जातो ती पुढल्या पावसापुरतीच असते.

पाठाचे हेतू

१. रस्ता हा थरांचा बनलेला असतो व त्याचे बळ खालच्या कोरड्या जमिनीत असते, हे प्रयोगाने समजणे.
२. खड्डा कसा पडतो याची कारणपरंपरा क्रमाने सांगता येणे.
३. टिकाऊ डागडुजीच्या पायऱ्या व प्रत्येक पायरीचे कारण सांगता येणे.
४. आपल्या गावातील एका खड्ड्याचे निरीक्षण करून त्यावर व्यवस्थित अर्ज लिहिता येणे.

साहित्य : काळी माती, मुरूम, बारीक खडी, दोन सारखी डबडी, वरचा भाग कापलेल्या दोन पारदर्शक बाटल्या, झारी, फूटपट्टी, सुतळी, लाकडी ठोकळा.

शिक्षकांसाठी माहिती

रस्त्याचे थर. वरून काळा दिसणारा रस्ता आतपर्यंत डांबराचा नसतो. सर्वांत खाली मूळ जमीन किंवा मातीचा भराव, त्यावर मुरमाचा थर, त्यावर दाबून बसविलेल्या खडीचे थर आणि सर्वांत वर डांबर व बारीक खडी यांचे पातळ आच्छादन, अशी ग्रामीण रस्त्याची सर्वसाधारण रचना असते. पुष्कळ ग्रामीण रस्त्यांवर हे आच्छादन दोन-तीन बोटांइतकेच जाड असते. चाकाचा भार ते एकटे पेलीत नाही. खडी व मुरूम यांचे थर तो भार पसरवीत खाली नेतात आणि अखेर मूळ जमीन तो घेते. आच्छादनाचे मुख्य काम छपराचे आहे : खालचे सारे कोरडे ठेवणे.

ही कल्पना जुनीच आहे. स्कॉटलंडमध्ये १७५६ साली जन्मलेले जॉन लाउडन मॅकॅडम हे १८१६ साली इंग्लंडातील ब्रिस्टल भागाच्या रस्त्यांचे सर्वेक्षक झाले. तोपर्यंत रस्त्याच्या तळाशी मोठमोठे दगड रचण्याची रूढी होती. मॅकॅडम यांचे म्हणणे असे की, भार जमीनच घेते व जमीन कोरडी राहिली तर ती तो घेण्यास समर्थ असते; यास्तव रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा थोडा उंच करावा, कडेला चर ठेवावेत आणि वर सारख्या आकाराच्या, सहा औंसांहून म्हणजे सुमारे १७० ग्रॅमांहून जड नसलेल्या, फोडलेल्या खडीचा थर द्यावा. अशी टोकदार खडी एकमेकींत अडकून घट्ट बसते. त्यांच्या रस्त्यात डांबर नव्हते. आपल्याकडे ज्याला खडीकरण म्हणतात ते याच पद्धतीचे वंशज होय. मॅकॅडम यांना जे इंग्लंडच्या ओल्या हवेत दिसले, ते आपल्या काळ्या मातीला तर अधिकच लागू पडते.

महाराष्ट्राचा बराच भाग काळ्या पाषाणाचा आहे. हा पाषाण कुजून वर काळी माती व तिच्याखाली मुरूम तयार झालेला असतो. काळी माती पाणी पिऊन फुगते व वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. जी माती कपाशीला व ज्वारीला उपकारक, तीच रस्त्याला तापदायक ठरते. पावसाळ्यात ती रस्ता वर उचलते, उन्हाळ्यात खाली सोडते आणि या वरखाली होण्याने डांबराच्या पातळ आच्छादनाला तडे जातात. कोकणात जांभ्या दगडाची जमीन असल्याने हा त्रास कमी. परंतु तेथे वर्षाला २५० सें.मी. हून अधिक पाऊस पडतो व उतारावरून वेगाने येणारे पाणी रस्त्याच्या कडा खरवडून नेते. म्हणजे घाटावर बुडातून व कोकणात कडेने, असा पाण्याचा हल्ला दोन प्रकारे होतो.

खड्डा कसा पडतो. ऊन व हवा यांमुळे डांबर हळूहळू कडक व ठिसूळ होते. त्यात केसासारखे तडे जातात. तड्यांतून पाणी खाली उतरते. खडीवर बसलेला डांबराचा लेप पाण्यामुळे सुटतो, कारण दगडाला डांबरापेक्षा पाणी अधिक जवळचे असते. खालची माती मऊ होते. त्यावरून जड चाक गेले की तड्यातील पाणी दाबले जाऊन पिचकारीसारखे बाहेर उडते व आपल्याबरोबर बारीक माती घेऊन येते. पावसानंतर तड्यांच्या कडेला जी मातकट रेघ दिसते ती याचीच खूण होय. अशा रीतीने आच्छादनाखाली पोकळी होते. आधार गेलेला तुकडा एके दिवशी खचतो आणि चाके त्याचे तुकडे उधळून टाकतात. खड्डा एका रात्रीत पडला असे लोक म्हणतात. वस्तुतः त्याची तयारी अनेक महिने चाललेली असते.

भाराचा प्रभाव. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक सतत चालवून मोठी चाचणी घेण्यात आली. तिच्यावरून असे आढळले की, आसावरील भार वाढला तर रस्त्याची हानी सुमारे त्याच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. भार दुप्पट झाल्यास हानी दुप्पट न होता २ × २ × २ × २ म्हणजे सुमारे १६ पट होते. उसाच्या हंगामात बेसुमार भरलेल्या गाड्या जेथून जातात, तेथील रस्ते लवकर का उखडतात हे यावरून समजेल. पावसाने मऊ झालेल्या बुडावर असा भार आला तर दोन्ही कारणे एकवटतात.

टिकाऊ डागडुजीची रीत

विद्यार्थ्यांच्या घरातील उदाहरणे येथे फार उपयोगी पडतात. गोधडीला ठिगळ लावताना आजी भोकाएवढेच कापड घेत नाही; भोकाभोवतीचे विरलेले कापड बाजूला सारून ती धडक्या कापडापर्यंत जाते व तेथे टाके घालते. खळे करताना माती ओलवून, पसरून, चोपून घट्ट केली जाते. नुसती माती टाकून कोणी मळणी सुरू करीत नाही. आणि धाब्याच्या घराचे छत गळू लागले, तर घरातील भुई पुन्हापुन्हा सारवून भागत नाही, छताकडेच लक्ष द्यावे लागते. या तीन गोष्टींत डागडुजीचे सर्व शास्त्र आहे. पायऱ्या पुढीलप्रमाणे :

१. पाण्याची वाट लावणे. खड्ड्यात पाणी कोठून येते ते पाहावे. कडेचा चर बुजला आहे काय, मोरी तुंबली आहे काय, साइडपट्टी गवत-माती साचून रस्त्यापेक्षा उंच झाली आहे काय, एखादी जलवाहिनी गळते आहे काय, याचा शोध आधी घ्यावा.

२. आखणी व कापणी. खड्ड्याभोवतीचा भाग हातोडीने ठोकल्यास जेथपर्यंत पोकळ आवाज येतो किंवा तडे दिसतात, तेथपर्यंत चौकोन आखून तो भाग कापून काढतात. बाजू सरळ उभ्या ठेवतात. बशीसारख्या उतरत्या कडांवर माल पातळ होत जातो व तो पातळ काठ चाकाखाली प्रथम तुटतो.

३. सफाई. पाणी, चिखल, सैल खडी व धूळ पूर्ण काढून खड्डा कोरडा करतात. धुळीवर डांबर चिकटत नाही. ते धुळीला चिकटते व धुळीबरोबर निघून येते.

४. तळ पक्का करणे. तळाची माती मऊ लागल्यास ती टणक थर लागेपर्यंत खणून काढतात आणि तेथे खडी व चांगला मुरूम किंचित ओलवून, साधारण १० सें.मी. हून जाड नाही अशा थरांनी, प्रत्येक थर धुम्मसाने ठोकून भरतात.

५. डांबराचा हात. तळावर व चारही बाजूंवर पातळ डांबराचा हलका हात फिरवितात. तो थारोळे साचेल इतका नसावा. अधिक डांबर चिकटविण्याऐवजी घसरविते.

६. भरणे व दाबणे. डांबर-खडीचे मिश्रण कोपऱ्यांपासून मध्याकडे भरून, कडेकडून मध्याकडे दाबत आणतात. मिश्रण गरम प्रकारचे असेल तर ते सुमारे ९० अंश सेल्सिअसच्या खाली उतरण्यापूर्वी दबाई आटोपली पाहिजे; निवलेले मिश्रण कितीही ठोकले तरी घट्ट बसत नाही. वाहनांनी ते पुढे थोडे खाली बसते, म्हणून पृष्ठभाग रस्त्यापेक्षा अर्धा ते एक सेंटिमीटर उंच ठेवतात.

७. सांधा बंद करणे. नवा-जुना सांधा डांबराने बंद करून त्यावर बारीक वाळू पसरतात, म्हणजे पाणी पुन्हा त्याच फटीतून शिरत नाही.

भर पावसात या सर्व पायऱ्या पाळता येत नाहीत, हेही विद्यार्थ्यांना सांगावे. त्या वेळी वाहने सुरक्षित जावीत म्हणून पिशव्यांतून येणारे थंड मिश्रण किंवा खडी भरून काम भागवितात. ते मलम होय. उपचार पाऊस उघडल्यावर करावयाचा असतो. अमेरिका व कॅनडा या देशांत १९९१ साली आठ ठिकाणी बाराशेहून अधिक खड्डे निरनिराळ्या मालाने व रीतींनी बुजवून त्यांच्यावर नजर ठेवण्यात आली. चांगल्या प्रतीचे थंड मिश्रण असेल तर, खड्डा न कापता माल टाकून त्यावरून ट्रकची चाके फिरविण्याची साधी रीतही पुष्कळ ठिकाणी कापून भरण्याच्या रीतीइतकीच टिकली. हलका माल मात्र स्वस्त असूनही पुन्हापुन्हा भरावा लागल्यामुळे महाग ठरला. यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी : रीत साधी चालेल, परंतु चांगला माल व दबाई यांना सुट्टी नाही.

पहिली तासिका : निरीक्षण

शिक्षकांनी प्रथम एकट्याने जाऊन निरीक्षणाची जागा निवडावी. वाहता रस्ता, वळण अथवा अरुंद पूल टाळावा. मुलांनी रस्त्यावर उतरावयाचे नाही. कडेला, शिक्षकांच्या देखरेखीखाली उभे राहूनच पाहावयाचे. मापे शिक्षकांनी किंवा दुसऱ्या मोठ्या माणसाने घ्यावीत. उत्साहाच्या भरात मुलांच्या हातून खड्डा भरून घेण्याचा उपक्रम कोणीही करू नये. ते काम धोक्याचे आहे आणि कच्च्या मुरमाने भरलेला खड्डा पुन्हा फसवा होतो.

मुलांना पुढील प्रश्न द्यावेत. खड्डा रस्त्याच्या मधोमध आहे की कडेला? त्याच्या वरच्या बाजूस उतार कोणता? चर आहे काय, असल्यास वाहता की बुजलेला? पाऊस थांबल्यावर तेथे पाणी किती काळ उभे राहते? जवळ नळ, पाणवठा, हौद, शेताची गाडीवाट आहे काय? आजूबाजूस तडे आहेत काय? प्रत्येक गटाने साधा नकाशा काढून पाण्याची वाट बाणांनी दाखवावी. बहुतेक नकाशांत बाण खड्ड्यापाशी येऊन थांबलेले दिसतील. हे मुलांच्या आपणहून लक्षात येईपर्यंत शिक्षकांनी थांबावे.

दुसरी तासिका : प्रयोग

प्रयोग पहिला : मातीचे बळ. दोन सारख्या डबड्यांत काळी माती ओलवून, ठोकून भरावी व दोन-तीन दिवस उन्हात वाळू द्यावी. मग एका डबड्यात पेलाभर पाणी ओतून अर्धा तास थांबावे. तोच दगड हातभर उंचीवरून दोहोंवर सोडावा व पडलेल्या खळगीची खोली मोजावी. ओले डबडे पुन्हा उन्हात ठेवून भेगा कशा पडतात तेही पाहावे.

प्रयोग दुसरा : मुरमाची परीक्षा. काळी माती, चांगला मुरूम व मातकट मुरूम चाळून, त्यांचा बारीक भाग किंचित ओलवून तळहातावर त्यांची वळी करावी. माती चिकट असेल तर शेवयांसारखी बारीक वळी होते; चांगल्या मुरमाची वळी मोडते. ज्याची बारीक वळी होते त्याचा पावसात चिखल होतो, म्हणून तो भरणीस नालायक.

प्रयोग तिसरा : थर व दबाई. दोन बाटल्यांत सारख्याच मापाचा मुरूम घ्यावा. पहिल्या बाटलीत तो एकदम भरून वरून ३० ठोके द्यावेत. दुसऱ्या बाटलीत तीन थरांनी भरून प्रत्येक थरास १० ठोके द्यावेत. ठोके सारखेच, माल सारखाच. तरी दुसऱ्या बाटलीतील मुरूम अधिक खाली बसलेला दिसतो. वरून दिलेला ठोका तळापर्यंत पोहोचत नाही, हा या प्रयोगाचा निष्कर्ष.

प्रयोग चौथा : रस्त्याची पाठ. मैदानात मातीचे दोन छोटे रस्ते करावेत. एक कासवाच्या पाठीसारखा मध्ये उंच, दुसरा बशीसारखा मध्ये खोलगट. दोहोंवर झारीने सारखेच पाणी घालावे. पहिल्याच्या कडेचा चर नंतर मुद्दाम बुजवून पुन्हा पाणी घालावे. उत्तम पाठीचा रस्ताही चर नसेल तर भिजतो, हे मुलांना डोळ्यांनी दिसावे.

तिसरी तासिका : अंकगणित

१. ग्रामीण रस्ता ३.७५ मीटर रुंद आहे. मध्यापासून कडेपर्यंत दर मीटरला ३ सें.मी. उतार ठेवावयाचा आहे, तर मध्य कडेपेक्षा किती उंच असावा? (उत्तर : १.८७५ × ३ म्हणजे सुमारे ५.६ सें.मी.)

२. याच रस्त्याच्या १०० मीटर लांबीवर १ सें.मी. पाऊस पडला, तर किती पाणी पडले? (उत्तर : ३७५ चौ. मी. × ०.०१ मी. = ३.७५ घ. मी. = ३,७५० लिटर.) जेथे वर्षाला ५० सें.मी. पाऊस पडतो तेथे हेच पाणी १,८७,५०० लिटर होते; जेथे २५० सें.मी. पडतो तेथे ९,३७,५०० लिटर. एवढे पाणी एका लहान तुकड्यावरून दर वर्षी कोठे तरी जावयाचेच आहे. आपण त्याला वाट दिली नाही, तर ते आपली वाट काढते.

३. समजा, एक खड्डा ६० सें.मी. लांब, ५० सें.मी. रुंद व ८ सें.मी. खोल आहे. त्याचे घनफळ २४ लिटर. त्यात २४ लिटर सैल माल रस्त्याबरोबर भरला आणि वाहनांनी तो एक-पंचमांश खाली बसला, तर किती खोल खळगी उरेल? (उत्तर : १.६ सें.मी.) म्हणजे बुजविलेल्या खड्ड्यात पहिल्याच पावसात पुन्हा पाणी साचले.

४. तोच खड्डा धडक्या भागापर्यंत ८० × ७० × १० सें.मी. असा कापला. घनफळ ५६ लिटर. माल दाबल्यावर एक-पंचमांश कमी होतो, तर सैल माल किती लागेल? (उत्तर : ७० लिटर.) पहिल्या रीतीने खड्डा तीनदा बुजवावा लागला तर एकूण माल ७२ लिटर. माल जवळजवळ तितकाच गेला. परंतु एका रीतीत रस्ता दुरुस्त झाला आणि दुसऱ्या रीतीत तीनदा मजुरी पडूनही खड्डा राहिला. हे आकडे उदाहरणादाखल आहेत; विद्यार्थ्यांनी आपल्या खड्ड्याची मापे घालून हेच गणित करावे.

चौथी तासिका : नागरिकत्व व अर्जलेखन

रस्ता कोणाचा, हा प्रश्न येथे यावा. सर्वसाधारणपणे गावातील अंतर्गत रस्ते ग्रामपंचायतीकडे, ग्राममार्ग व इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे असतात. ग्राममार्ग हा स्वतंत्र वर्ग धरून रस्त्यांची आखणी करण्याचा पाया डिसेंबर १९४३ मध्ये नागपूर येथे भरलेल्या परिषदेत घातला गेला, ही गोष्ट महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना विशेष वाटेल. प्रधानमंत्री ग्राम सडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. तिच्यातून बांधलेल्या रस्त्याची देखभाल पहिली पाच वर्षे बांधणाऱ्या ठेकेदाराकडे असते. गावच्या वेशीवरील फलकावर रस्त्याची लांबी, काम पूर्ण झाल्याची तारीख इत्यादी माहिती असते. ती मुलांकडून वाचून घ्यावी व पाच वर्षे केव्हा पुरी होतात ते काढावयास सांगावे. सुस्थितीतील रस्ता हा नागरिकांच्या जीविताच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली म्हटले आहे.

हक्काबरोबर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे आणि येथे शिक्षकांच्या चातुर्याची कसोटी आहे. नकाशावरील बाण उलटे शोधीत गेल्यास ते पुष्कळदा सरकारी कचेरीपाशी न थांबता गावातल्याच कोणाच्या तरी दारापाशी जाऊन थांबतात. कोणी शेतात बैलगाडी वा ट्रॅक्टर उतरविण्यासाठी चर बुजविलेला असतो, कोणाच्या मोरीचे सांडपाणी रस्त्यावर येत असते, कोणी नळजोडणीसाठी रस्ता खणून वर नुसती माती लोटलेली असते. तो मनुष्य वर्गातील एखाद्या मुलाचा बाप किंवा चुलता असण्याचा संभव आहे. अशा वेळी नाव घेऊन मुलाला खाली पाहावयास लावू नये. चर्चा दोषाकडून उपायाकडे वळवावी. चरात सिमेंटचा नळ टाकून त्यावर भर घातली, तर गाडीवाटही राहते व पाणीही वाहते. सांडपाण्यासाठी शोषखड्डा करता येतो. खणलेला चर थराथराने ठोकून भरता येतो. उपाय अवघड नाहीत, हे ज्या मुलाला पटते तो ते घरी जाऊन सांगतो. आणि वडीलमाणसे शेजाऱ्याचे बोलणे मनावर घेणार नाहीत, पण लेकराचे पुष्कळदा घेतात.

शेवटी प्रत्येक गटाने ग्रामपंचायतीस अर्ज लिहावा. “रस्ता फार खराब आहे, तरी लक्ष द्यावे” असा मोघम अर्ज मान्य करू नये. नमुना पुढीलप्रमाणे :

“मा. सरपंच यांस, सा. न. वि. वि. शाळेच्या अलीकडील वळणावर रस्त्याच्या डाव्या कडेस सुमारे ६० सें.मी. लांब व ५० सें.मी. रुंद खड्डा आहे. पाऊस थांबल्यावरही तेथे दोन दिवस पाणी उभे राहते, असे आम्ही पाहिले. वरच्या बाजूचा चर सुमारे १० मीटर लांबीत बुजलेला असल्यामुळे पाणी रस्त्यावर येते. नकाशा सोबत जोडला आहे. प्रथम चर मोकळा करावा आणि पाऊस उघडल्यावर खड्डा चौकोनी कापून, तळ ठोकून बुजवावा, ही विनंती. तोपर्यंत तेथे धोक्याची खूण लावावी.”

या अर्जात जागा, माप, निरीक्षण, कारण व मागणी ही पाचही अंगे आहेत, हे फळ्यावर दाखवावे. रस्ता दुसऱ्या खात्याकडे असल्यास ग्रामपंचायतीने अर्ज पुढे पाठवावा, अशी ओळ जोडावी. अर्जाची एक प्रत शाळेत ठेवून पुढे काय झाले ते वर्गात सांगावे. उत्तर न आल्यास पुन्हा लिहिणे हाही पाठाचाच भाग समजावा.

फलकलेखन

तडा → पाणी → मऊ माती → जड चाक → पोकळी → खड्डा
पाणी काढा → कापा → साफ व कोरडे करा → तळ ठोका → डांबराचा हात → भरा व दाबा → सांधा बंद करा

उजळणीचे प्रश्न

१. खड्डा खड्ड्याच्या आकारापेक्षा मोठा का कापतात?
२. तळ ओला असताना भरलेला खड्डा का टिकत नाही?
३. कोकणातील व काळ्या मातीच्या प्रदेशातील रस्त्यांची हानी कोणत्या बाबतीत भिन्न आहे?
४. ट्रॉलीवरील भार दीडपट केल्यास रस्त्याची हानी सुमारे किती पट होईल? (उत्तर : सुमारे ५ पट)
५. तुमच्या नकाशातील खड्ड्याचे पाणी कोठून येते?

वर्षाचे वेळापत्रक

हा पाठ एकदा शिकवून संपविण्याऐवजी वर्षभर विभागून घेता आल्यास अधिक फलदायी होतो. शाळा उघडताच, पहिल्या मोठ्या सरीनंतर, निरीक्षण, श्रावणात प्रयोग, दिवाळीपूर्वी अर्ज, दिवाळीनंतर झालेल्या डागडुजीची पाहणी, आणि उन्हाळी सुटीपूर्वी चर व मोऱ्या यांची यादी करून ती ग्रामपंचायतीस देणे. चर उपसण्याची खरी वेळ रोहिणी नक्षत्राची, म्हणजे मृग लागण्यापूर्वीची. त्या वेळी शाळेला सुटी असते, म्हणून यादी आधीच गावाच्या हाती पडलेली बरी.

नकाशे पुढील वर्षाच्या वर्गासाठी जपून ठेवावेत. नव्या विद्यार्थ्यांनी ते घेऊन त्याच जागी जावे आणि ठिगळ टिकले की नाही ते स्वतः पाहावे. टिकले असेल तर कोणते काम नीट झाले होते, आणि टिकले नसेल तर पाणी अद्याप कोठून येते, एवढे एक वाक्य त्यांनी नकाशाखाली तारखेसह लिहावे.